छत, पाणी आणि नकाशा : कोळसा खाणींतील सुरक्षेचा इतिहास

महाराष्ट्रातील दगडी कोळसा चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर या पूर्वेकडील जिल्ह्यांत आहे, तर नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यात पेंच-कान्हानचे क्षेत्र लागते. भूमिगत खाणीत वायूच्या स्फोटाची भीती अधिक बोलली जाते, तरी भारतीय कोळसा खाणींत छत कोसळून सातत्याने बळी गेले आहेत, आणि पाणी शिरले की एकाच पाळीतील अनेकांचे प्राण एकदम जातात.

छिंदवाड्यातील न्यूटन चिखली खाणीत 10 डिसेंबर 1954 रोजी पाणी घुसून 63 कामगार मृत्युमुखी पडले. तीन वर्षांनी आलेल्या कोळसा खाण विनियमांत पाण्याविषयी कडक तरतूद होती : पाण्याने भरलेल्या जुन्या खोदकामापासून 60 मीटरच्या आत काम न्यायचे असेल, तर आधी परवानगी घ्यावी आणि पुढे व बाजूंना छिद्रे पाडत जावे, जेणेकरून पलीकडचे पाणी भिंत फुटण्याआधी बारीक धारेने कळेल. ही तरतूद मोलाची खरी, पण जुने खोदकाम नेमके कोठवर गेले आहे हे नकाशात बरोबर उतरलेले असेल, तरच हे अंतर मोजता येते.

छताच्या बाबतीत संशोधनाने अधिक पल्ला गाठला. खाणीतला सरदार, म्हणजे पाळीच्या सुरक्षेची जबाबदारी असलेला पर्यवेक्षक, काठीने छत ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला तर दगड घट्ट, बद्द आला तर थर सुटलेला, असा त्याचा निर्णय असतो. 1956 मध्ये धनबादला स्थापन झालेल्या केंद्रीय खाण संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी या अनुभवाला आकड्यांची जोड दिली : थरांची जाडी, भेगा, पाण्याने झिजण्याची प्रवृत्ती, दगडाची ताकद आणि भूजल या पाच बाबींना गुण देऊन छताची प्रत शंभरपैकी ठरवता येऊ लागली, आणि त्या प्रतीनुसार आधाराची आखणी होऊ लागली. लाकडी टेकूंच्या जागी पोलादी सळ्या छतात भोक पाडून सिमेंट किंवा रेझिनने घट्ट बसवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. टेकू छताला खालून तोलतो, तर सळी सुटणारे थर एकमेकांना बांधून ठेवते.

पाण्याच्या बाबतीत मात्र नियम पुरेसा ठरला नाही. 27 डिसेंबर 1975 रोजी चासनाला येथील खाणीत पाणी शिरून 375 जण गेले, आणि 2 फेब्रुवारी 2001 रोजी बागडिगी खाणीत शेजारच्या जुन्या खोदकामातील पाण्याने आणखी 29 जणांचा बळी घेतला.