वाचकाला नेमके काय हवे आहे? ग्रंथालये माहितीची गरज कशी ओळखतात

समजा, एक बाई गावातल्या वाचनालयात येऊन विचारतात, "जमिनीच्या कायद्याचं पुस्तक आहे का?" कपाटातून एक जाडजूड पुस्तक निघते. बाई चार पाने चाळतात, पुस्तक परत देतात आणि निघून जातात. त्यांना खरे तर एवढेच जाणून घ्यायचे होते: पती वारले, आता सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव कसे लावायचे?

पुस्तक दिले गेले, पण गरज भागली नाही. देवघेवीच्या वहीत तर या भेटीची नोंदही झाली नाही.

मागितले ते आणि हवे होते ते

अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये माहितीच्या गरजेच्या चार पायऱ्या मांडल्या. आधी नुसतीच अस्वस्थता असते, तिला शब्द नसतात. मग मनात धूसर प्रश्न तयार होतो. त्यानंतर तो नीट मांडता येतो. शेवटी, ग्रंथालयात काय मिळू शकेल याचा अंदाज घेऊन माणूस तो प्रश्न बदलून विचारतो. वरच्या उदाहरणातला प्रश्न या चौथ्या पायरीवरचा आहे.

ब्रिटिश ग्रंथपाल मॉरिस लाइन यांनी १९७४ मध्ये आणखी एक फरक स्पष्ट केला. गरज, इच्छा, मागणी आणि वापर या चार वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रंथालयाच्या नोंदींत यातला मुख्यतः वापर दिसतो. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाची एकच प्रत असेल आणि ती सतत बाहेर असेल, तर वीस जण रिकाम्या हाताने परतले तरी वहीत मोजक्याच नोंदी दिसतात.

गरज ओळखायची कशी?

- देवघेवीच्या नोंदी: कोणते विषय फिरतात आणि कोणते धूळ खातात, हे कळते. मात्र जे संग्रहातच नाही, त्याबद्दल या नोंदी काही सांगत नाहीत.
- 'मिळाले नाही' वही: वाचकाने मागितलेले पण न मिळालेले पुस्तक किंवा माहिती रोज लिहून ठेवायची. खर्च जवळजवळ शून्य, उपयोग मोठा.
- प्रश्नावली: "कोणती पुस्तके हवीत?" असे विचारले की उत्तरे गुळगुळीत येतात. त्याऐवजी "गेल्या महिन्यात कोणती माहिती शोधावी लागली? कुठे शोधली? मिळाली का?" असे विचारावे.
- निरीक्षण: लोक कोणत्या कपाटापाशी थांबतात, कुठे गोंधळतात, मोबाइलवर शोधून का निघून जातात, हे पाहावे.
- न येणाऱ्यांशी बोलणे: सभासद नसलेल्या महिला, शेतकरी, मजूर आणि ज्येष्ठ नागरिक यांची गरज वाचनालयात बसून कळत नाही. त्यासाठी बचत गट, शाळा, चावडी गाठावी लागते.

नावे आणि खासगी कारणे नोंदवण्याची गरज नसते, विषय पुरेसा असतो. आपला प्रश्न चारचौघांत जाईल अशी भीती वाटली, तर लोक विचारणेच थांबवतात.

एक साधा प्रश्न

सर्वांत परिणामकारक साधन मात्र संवाद हेच आहे. "ही माहिती कशासाठी हवी आहे, सांगता येईल का?" असे आपुलकीने विचारले असते, तर त्या बाईंच्या हाती जाड पुस्तकाऐवजी वारस नोंदीची माहिती आणि तलाठी कार्यालयाचा रस्ता आला असता.

हे महत्त्वाचे का?

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांना दर्जानुसार अनुदान मिळते. ही रक्कम मर्यादित असते. गरज न पाहता खरेदी झाली, तर कपाटे भरतात आणि वाचक मात्र रिकाम्या हाताने जातो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच सूत्रांतील पहिलेच सूत्र सांगते की ग्रंथ हे उपयोगासाठी असतात.

वाचकही यात मदत करू शकतो. पुढच्या वेळी वाचनालयात गेल्यावर पुस्तकाच्या नावासोबत आपली अडचणही सांगावी. नेमके उत्तर मिळण्याची शक्यता त्यातूनच वाढते.