दंतकर्म आणि सनद

ज्याने शास्त्राचे अध्ययन पुरे केले आहे, गुरूचे कर्म प्रत्यक्ष पाहिले आहे आणि स्वतः त्याचा अभ्यास केला आहे, अशाच वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊन व्यवसायात पदार्पण करावे, असा दंडक सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात घालून दिलेला आहे. आणि औषधोपचार व शस्त्रकर्म या दोहोंविषयी अनभिज्ञ असलेला कुवैद्य लोभापायी लोकांचा घात करतो तो राजाच्या दोषामुळे, असा ठपकाही त्याच ग्रंथाने ठेवला आहे. मुखरोगांचे सविस्तर विवेचन करणाऱ्या या संहितेच्या दृष्टीने दंतकर्म हे वैद्याचेच काम होते. व्यवहारात मात्र ते पुढे पुष्कळसे न्हावी, वैदू आणि गावोगाव फिरणारे जाणते यांच्याकडे गेले. युरोपातही शतकानुशतके ते न्हाव्यांच्याच हाती राहिले.

ठणकणारा दात काढून घेणे ही निकड असते, परंतु दात सुंदर करून घेणे ही हौस होय, आणि या हौसेचा इतिहासही तितकाच जुना आहे. आपल्याकडील सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत, तेव्हा तो रंग दाताच्या पृष्ठभागावरच बसत असे. युरोपात शुभ्र दातांची आवड होती, आणि ती पुरविण्यासाठी तेथील न्हावी दातांचा पृष्ठभाग कानशीने घासून त्यावर शोऱ्याचे तेजाब चोळीत. दात काही काळ लखलखीत दिसत, आणि वरचे कवच नष्ट झाल्यामुळे पुढे किडून जात. अठराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या पाँ नफ पुलावर ग्राँ तोमा नावाचा दांडगा दातकाढ्या गर्दी जमवून आपला धंदा करीत होता. आणि त्याच नगरीत पिएर फोशार याने 1728 साली दंतवैद्यकावरील आपला विख्यात ग्रंथ प्रसिद्ध करून, त्यात भोंदूंच्या युक्त्या उघड्या पाडल्या व दातातल्या किड्याची समजूतही निराधार ठरविली.

कायदा मात्र फार सावकाश आला. इंग्लंडमध्ये 1878 च्या कायद्याने नोंदणी सुरू केली खरी, परंतु त्याने बंदी घातली ती केवळ ‘दंतवैद्य’ हे बिरुद लावण्यावर; बिरुद न लावता दात काढणारे व बसविणारे हजारो लोक आपला धंदा पूर्ववत करीत राहिले, आणि 1921 साली नवा कायदा होईपर्यंत त्यांना अटकाव झाला नाही. हिंदुस्थानात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून पदवी घेऊन येऊन 1920 साली कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय स्थापन केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय 1933 साली निघाले. आणि बंगाल प्रांताने 1939 साली दंतवैद्यांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला. या एवढ्या विस्तीर्ण देशात सनदी दंतवैद्य बोटांवर मोजण्याइतके असताना उरलेल्या प्रजेचे दात कोणी सांभाळले, याचे उत्तर शहरांच्या पदपथांवर मिळते. चीनच्या हुबेई प्रांतातून आलेल्या कुटुंबांनी कलकत्ता, मुंबई यांसारख्या शहरांत हा हुन्नर बापाकडून मुलाकडे चालविला. त्यांच्यातील पुष्कळांच्या हाताला खरे कसब होते, आणि त्यांच्या पुढील पिढ्यांतील कित्येकांनी रीतसर पदव्याही घेतल्या. परंतु कसब पिढीजात मिळाले तरी जंतूंचे आणि शरीररचनेचे ज्ञान त्याबरोबर आपोआप येत नाही.

पदपथावरील ते काम जवळून पाहिले म्हणजे त्यातील धोका ध्यानी येतो. जमिनीवर कापड अंथरलेले असते. त्यावर तयार दातांच्या रांगा, जुन्या कवळ्या, दोन-तीन चिमटे, आरसा आणि पाण्याची वाटी. गिऱ्हाईक उकिडवे बसते. गुलाबी पुडीत उग्र वासाचा द्रव कालवून त्याचा गोळा होतो, त्यात तयार दात खोचला जातो, आणि तो गोळा ओला असतानाच रिकाम्या जागी हिरडीवर दाबून बसविला जातो. घट्ट होताना हे मिश्रण तापते, आणि त्यातील न मुरलेला द्रव हिरडीला पोळतो. वाळलेला गोळा शेजारच्या दातांच्या फटींत असा अडकून बसतो की तो काढता येत नाही. दात दिसतो छान. परंतु त्याच्याखाली अन्न कुजते, हिरडी सुजते, आणि आधाराला घेतलेले दोन्ही निरोगी दात कालांतराने हलू लागतात. वाटीतल्या त्याच पाण्यात विसळलेला चिमटा पुढच्या गिऱ्हाइकाच्या तोंडात जातो, तेव्हा रक्तावाटे पसरणाऱ्या काविळीचे विषाणूही त्याबरोबर जाऊ शकतात.

1948 च्या दंतवैद्यक कायद्याने या सर्व कारभाराला प्रथमच देशव्यापी मर्यादा घातली. मान्यताप्राप्त पदवीधरांची नोंद ‘अ’ भागात, आणि पदवी नसली तरी किमान पाच वर्षे याच धंद्यावर मुख्यतः उदरनिर्वाह करणाऱ्यांची नोंद ‘ब’ भागात, अशी तडजोड त्यात होती. ठरावीक मुदतीनंतर बिनसनदी धंदा हा गुन्हा ठरला. निकड असेल आणि नोंदणीकृत दंतवैद्य उपलब्ध नसेल, तर कोणालाही दात काढण्याची मुभा होती, मात्र भूल न देता. दूरच्या खेड्यातील वेदनेची कदर आणि अज्ञ हातातील सुईची भीती या दोहोंचा मेळ त्या एका कलमात घातलेला दिसतो. परंतु पहिल्या गुन्ह्याला दंड होता तो फार तर 500 रुपयांचा. 2023 साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत होईपर्यंत देशाचा कारभार याच चौकटीत चालला, आणि रुपयाची किंमत घसरत गेली तशी त्या दंडाची जरबही नाहीशी झाली.

दरम्यान धोक्याचे स्वरूप पालटले आहे. दात पांढरे करून देणारी सौंदर्यगृहे इंग्लंडमध्ये इतकी वाढली की 2013 साली तेथील उच्च न्यायालयाला, दात शुभ्र करणे हेही दंतवैद्यकच होय, असा निर्णय द्यावा लागला. आणि अमेरिकेत परवान्यावाचून दातांवर पातळ कवचे चिकटवून देणाऱ्यांना अलीकडे अटक झाली आहे. पदपथावरचा मनुष्य निदान गमावलेल्या दाताची जागा भरीत होता. हे नवे कारागीर मात्र निरोगी दातालाच हात घालतात. दाताचे वरचे कवच एकदा घासले गेले की शरीर ते पुन्हा निर्माण करू शकत नाही. कवचाखाली कीड अगोदरच दडलेली आहे काय, हिरडी रोगट आहे काय, चावताना दात कसे जुळतात, हे तपासण्याची विद्या आणि क्ष-किरणाची सोय ज्याच्यापाशी नाही, तो रोग झाकून त्यावर सौंदर्य चढवितो. आणि अपाय झाल्यावर दाद मागावी तर बहुधा त्याच्या कामाचे दप्तरही नसते.

म्हणून दंतवैद्याच्या नोंदणीचा दाखला पाहावयास मागणे यात कोणीही संकोच धरू नये, आणि प्रामाणिक वैद्यानेही त्यात अपमान मानू नये. परंतु एवढ्याने शासनाची जबाबदारी संपत नाही. बंदीचा कायदा करणे सोपे असते. ज्याच्या खिशाला सनदी दंतवैद्य परवडत नाही, त्याच्यासाठी तालुक्याच्या रुग्णालयात दंतविभाग उघडून तेथे कवळी माफक दरात बनवून देणे, हे खर्चाचे आणि चिकाटीचे काम आहे. ते होईल तेव्हाच बिनसनदी हाताकडे जाणारा गरीब माणूस परत फिरेल, आणि मग नटण्याच्या हौसेपोटी तिकडे वळणाऱ्यांवर व त्यांच्या जिवावर धंदा करणाऱ्यांवर कायद्याने कठोर व्हावे, हे न्यायाचेच ठरेल.