अटल सेतूचा टोल : २५० रुपयांमागची साठ वर्षं



पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. टोलवरून आपल्या ग्रुपांमध्ये पुन्हा जुंपली आहे. एक बाजू म्हणते, "अडीचशे म्हणजे लूट आहे." दुसरी म्हणते, "मुंबई वीस मिनिटांवर आली, द्या की पैसे." दोन्हीकडे थोडं थोडं खरं आहे. पण हा हिशेब २०२४ ला सुरू झालेला नाही. म्हणून जे मला माहीत आहे ते एकदा ओळीने मांडतो.

सुरुवात दोन बातम्यांपासून करतो. १२ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते अटल सेतूचं उद्घाटन झालं. त्यानंतर चार दिवसांनी, १६ जानेवारीला, जासईच्या गोळीबाराला बरोबर ४० वर्षं झाली. सेतू समुद्र सोडून जमिनीवर येतो आणि चिर्ल्याकडे जातो, तो हाच पट्टा. दोन्ही बातम्या मी केल्या. पहिली पहिल्या पानावर गेली, मोठ्या फोटोसह. दुसरी आतल्या पानावर, दोन कॉलम. संपादकाला दोष देत नाही, बातमीचा बाजार असाच चालतो. पण एकाच जागेच्या या दोन बातम्या आहेत, हे त्या आठवड्यात कुणी लिहिलं नाही. मीही नाही. ते आज लिहितोय.

मुंबई आणि उरण जोडणाऱ्या पुलाची कल्पना फार जुनी. १९६३ मध्ये विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार कंपनीने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला, तेव्हापासून हा पूल कागदावर आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नवं शहर उभं करायचं म्हणून ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं त्यात घेतली गेली. पण पूल आधी झाला तो वाशीला. त्यामुळे शहरही वाशीकडून वाढत आलं. उरणची जमीन गेली, उरणला शहर मात्र आलं नाही. १९८९ मध्ये जेएनपीटी बंदर सुरू झालं आणि आपल्या वाट्याला कंटेनरच्या रांगा आल्या.

मधल्या काळातलं १९८४ विसरून चालणार नाही. जमिनीला योग्य भाव मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि पागोटे इथे पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मे झाले. वसंतदादा पाटील तेव्हा मुख्यमंत्री होते. जमीन घेतली तर तिच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, हे तत्त्व या लढ्यातून आलं. आज देशभर भूसंपादनाच्या चर्चेत ज्याचा दाखला देतात, ते आपल्या दास्तान फाट्यावर रक्त सांडून मिळालेलं आहे.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा करायला मुंबईत जायचो तेव्हा आमचा रस्ता म्हणजे मोऱ्याची लाँच. मोरा ते भाऊचा धक्का. पहिला प्रश्न नेहमी एकच, आज भरती किती वाजता? ओहोटीला गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नसे. पावसाळ्यात वारा सुटला की बंद. मग एसटीने पनवेल किंवा बेलापूर आणि तिथून लोकल, अर्धा दिवस तिथेच संपायचा. समोर मुंबईचे दिवे दिसायचे आणि पोचायला मात्र अख्खी खाडी वळसा घालून जावं लागायचं. त्यामुळे पूल नकोच होता, असं म्हणणारा उरणकर मला तरी भेटलेला नाही. भांडण कधी पुलाशी नव्हतं. तो कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी, हा प्रश्न होता.

आता पैशाची गोष्ट.

सरकारने आधी हा पूल खासगी कंपनीकडून बांधून घ्यायचं ठरवलं. कंपनीने पैसे घालायचे, पूल बांधायचा आणि ठरावीक वर्षं टोल घेऊन पैसे वसूल करायचे. जो सगळ्यात कमी वर्षं मागेल त्याला काम. २००८ च्या सुमारास निविदा उघडल्या, तेव्हा समोरासमोर आले दोघे अंबानी बंधू. अनिल अंबानींच्या गटाने मागितली ९ वर्षं ११ महिने. मुकेश अंबानींच्या गटाने मागितली ७५ वर्षं. पूल तोच, समुद्र तोच आणि हिशेबात फरक ६५ वर्षांचा! टोलचा अंदाज किती ठिसूळ पायावर उभा असतो, हे यापेक्षा चांगलं कोण सांगणार? अखेर ती निविदा रद्द झाली. पुढे २०१३ मध्ये पाच कंपन्या पात्र ठरल्या होत्या, पण शेवटच्या दिवशी एकीनेही बोली लावली नाही.

मग सरकारने वाट बदलली. काम एमएमआरडीएकडे दिलं आणि जपानच्या जायका संस्थेचं कर्ज घेतलं. डिसेंबर २०१६ मध्ये भूमिपूजन झालं, प्रत्यक्ष काम २०१८ मध्ये सुरू झालं. एकूण लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. खर्च १७ हजार ८०० कोटींच्या पुढे.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण ग्रुपवरची निम्मी भांडणं इथेच होतात.

आपल्या जिल्ह्यातून जाणारा दुसरा टोलचा रस्ता म्हणजे मुंबई-पुणे एक्सप्रेसवे. कळंबोलीपासून सुरू होतो आणि खालापूरला टोल घेतो. तो २००२ मध्ये पूर्ण झाला, खर्च सुमारे १,६३० कोटी. बांधला सरकारी एमएसआरडीसीने. पण २००४ मध्ये तिने पुढच्या १५ वर्षांच्या टोलचा हक्क आयआरबी कंपनीला दिला आणि ९१८ कोटी एकरकमी घेतले. म्हणजे आंब्याची बाग मोहोरावर विकतात ना, तसंच. पैसे आज मिळाले, आंबे उतरवणार व्यापारी. किती आंबे उतरले यावर मग वर्षानुवर्षं वाद, माहिती अधिकाराचे अर्ज, हायकोर्टात याचिका. २०१९ ला मुदत संपली. लोकांना वाटलं टोल संपेल. संपला नाही. २०२० मध्ये पुन्हा करार झाला, ८,२६२ कोटींचा, एप्रिल २०३० पर्यंत. दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढ आधीच ठरलेली. त्या हिशेबाने १ एप्रिल २०२३ ला कारचा टोल २७० वरून ३२० झाला.

अटल सेतूचं तसं नाही. इथे बाग विकलेली नाही, कर्ज काढून लावली आहे. त्यामुळे दर किती असावा हे कुठल्या कंपनीच्या करारात अडकलेलं नाही, मंत्रिमंडळ ठरवतं. जानेवारी २०२४ मध्ये कारला २५० रुपये हा दर मंत्रिमंडळानेच ठरवला. जानेवारी २०२५ मध्ये तोच दर आणखी वर्षभर ठेवायचं मंत्रिमंडळानेच ठरवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिली, तीही सरकारनेच. म्हणून "आमच्या हातात काही नाही" हे उत्तर इथे चालत नाही. हातात आहे.

आता जरा कागद-पेन घ्या. सुरुवातीला जाहीर झालेले दर असे : कारला एका फेरीचे २५०, परतीसह ३७५, महिन्याचा पास १२,५००. नोकरीला महिन्यातून २५ दिवस जाणारा माणूस रोज परतीचं तिकीट काढेल तर होतात ९,३७५ रुपये. म्हणजे पास काढला तर तीन हजारांहून जास्त तोटा! पास परवडायचा तर महिन्यात ३४ वेळा जाऊन परत यायला हवं, महिन्याचे दिवस ३०. हा पास रोज नोकरीला जाणाऱ्या उरणकरासाठी आखलाच नव्हता, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

दुसरी गोष्ट. सेतूवर दुचाकी चालत नाही, रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही. सुरक्षेसाठी ते ठीकच, खुल्या समुद्रावर ताशी १०० च्या वेगात बाईक कशी चालवणार? पण जासई, चिर्ले, गव्हाणच्या घराघरात काय उभं असतं? बाईक. म्हणजे ज्या गावांच्या जमिनीवर सेतू उतरला, तिथल्या बहुतेक लोकांसाठी तो वरून जाणारा रस्ता आहे.

न्यायाने हेही सांगायला हवं की त्याच १२ जानेवारीला खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकलही सुरू झाली. माझ्या मते उरणसाठी त्या दिवसाची खरी बातमी ती होती. मार्च २०२४ पासून बेस्टची बस बेलापूरहून सेतूवरून मुंबईला जाऊ लागली, पुण्याच्या काही शिवनेरीही त्याच वाटेने जातात. बसमधल्या चाळीस माणसांत टोल वाटला गेला की तो जाणवत नाही. म्हणजे सेतू सामान्य माणसाचा करायचा तर रस्ता माहीत आहे. फक्त त्या बस आपल्या दारातून सुटायला हव्यात.

"मग स्थानिकांना टोलमाफीच द्या," असं काही जण म्हणतील. त्याचाही अनुभव आपल्याला आहे. सायन-पनवेल महामार्गावर खारघरचा टोल आठवा. २०१४ मध्ये त्या टोलवरून प्रशांत ठाकूर यांनी काँग्रेस सोडली. २०१५ च्या सुरुवातीला नाका सुरू झाला आणि १ जूनपासून छोट्या गाड्यांना सूट मिळाली. आपण फटाके वाजवले. पण कंपनीचं उत्पन्न बुडालं, भरपाईवरून सरकारशी वाद लागला, आणि त्या काळात खड्डे कुणी भरायचे हा प्रश्न कितीतरी पावसाळे लोंबकळला. टोल माफ झाला तरी रस्ता फुकट होत नाही, पैसे दुसऱ्या खिशातून जातात. म्हणून सरसकट माफीची घोषणा मला पटत नाही. हिशेबाची मागणी पटते.

आमचे थोरले काका १९८४ ला जासईच्या मोर्चात होते. सेतू सुरू झाल्यावर त्यांना गाडीतून फिरवून आणलं. नाका दिसेना म्हणून ते विचारत राहिले, "पैसे कुठे द्यायचे?" म्हटलं, वरती कमान गेली ना, तिथे कॅमेऱ्याने नंबर वाचला, फास्टॅगमधून कापले. थांबायचीसुद्धा गरज नाही. काका थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमचं देणं द्यायला यांना किती हेलपाटे लागले रे. घ्यायचं मात्र लगेच जमलं."

हे सगळं आज का लिहितोय? कारण २०२४ मध्येच उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या क्षेत्रात नवं शहर वसवायचं काम सरकारने एमएमआरडीएकडे दिलं आहे. कुणी त्याला तिसरी मुंबई म्हणतं. सेतू हा त्या शहराचा दरवाजा आहे. १९७० ला आपल्या आजोबांच्या समोर जो कागद आला, तसाच आता आपल्या समोर येणार आहे. तेव्हा त्यांना आकडे कळत नव्हते, हे कारण होतं. आपल्याला ते कारण नाही.

म्हणून माझ्या तीन साध्या मागण्या, पटल्या तर पुढे पाठवा :

१. सेतूचा टोल किती जमा झाला, कर्ज किती फिटलं, किती उरलं, याचा फलक दरवर्षी जासईला आणि शिवडीला लावा. समजेल अशा मराठीत.

२. रोज जाणाऱ्यांसाठी खरोखर परवडेल असा मासिक पास काढा. २५ दिवसांच्या परतीच्या टोलपेक्षा महाग पासला पास म्हणत नाहीत.

३. उरण आणि जासईहून सेतूमार्गे सकाळ-संध्याकाळ पुरेशा बस सोडा.

या मागण्या घेऊन येत्या ग्रामसभेत कोण कोण बोलायला तयार आहे? कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. मी वही घेऊन येतो.