प्रकाशाची परीक्षा : उस्मानाबाद जिल्ह्यातील कर्करोग-तपासणीचा इतिहास

प्रस्तावना : शरीराच्या आत प्रकाश नेऊन रोग पाहण्याची खटपट दोन शतके जुनी आहे. फिलिप बोझिनी या जर्मन वैद्याने १८०६ मध्ये मेणबत्तीच्या उजेडावर चालणारे उपकरण प्रसिद्ध केले. १९२५ मध्ये हान्स हिन्सेलमन यांनी गर्भाशयमुख मोठे करून दाखविणारा कोल्पोस्कोप तयार केला. त्यावर हिरवी काच बसविली की तांबड्या रक्तवाहिन्या काळ्या दिसतात, कारण रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेते. जपानमध्ये विकसित झालेले ‘नॅरो बँड इमेजिंग’ याच तत्त्वावर आधारलेले आहे. त्यात ४१५ व ५४० नॅनोमीटरच्या निळ्या-हिरव्या प्रकाशात जठर व आतड्यातील अगदी प्रारंभीचे कर्करोग शोधले जातात. तुळजापूरच्या वाचकास हा विषय परदेशीचा वाटेल. परंतु असा प्रकाश खेड्यातील स्त्रीच्या कितपत उपयोगी पडतो, याची मोठी परीक्षा आपल्याच जिल्ह्यात झाली. प्रस्तुत लेखात तिचा मागोवा घेतला आहे.

उस्मानाबादचा प्रयोग : शेजारच्या बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया उपचारास फार उशिरा येतात, हे या भागातील डॉक्टरांना दिसत होते. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व फ्रान्समधील लिओं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात चाचणी आरंभिली. डॉ. आर. शंकरनारायणन व डॉ. भगवान नेने हे तिचे प्रमुख संशोधक होते. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या गेल्या. एका गटात गर्भाशयमुखास सौम्य ॲसिटिक आम्ल लावून दिव्याच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहिले जाई. विकृत भाग पांढरा दिसतो. दुसऱ्या गटात पेशींची तपासणी झाली, तिसऱ्यात एचपीव्ही विषाणूची चाचणी. चौथ्या गटास केवळ नेहमीची आरोग्यसेवा होती.

निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. आठ वर्षांत चौथ्या गटात या रोगाने ६४ मृत्यू झाले, विषाणू-चाचणीच्या गटात ३४. दिव्याच्या उजेडात तपासलेल्या गटात मात्र ५६, म्हणजे लक्षणीय घट नाही. प्रकाश स्वस्त होता, पण पांढरा डाग कोणता खरा व कोणता फसवा, हे पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून राहिले. तथापि दिव्यास सरसकट निरुपयोगी ठरविणे घाईचे होईल. मुंबईच्या वस्त्यांत हीच तपासणी दर दोन वर्षांनी केली असता मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये दिसून आले. उस्मानाबादेत ती एकदाच झाली होती.

चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांचा प्रश्न इतिहासकारास टाळता येत नाही. ग्रामीण भागात तपासणीची व्यवस्थाच नव्हती, म्हणून ‘नेहमीची सेवा’ म्हणजे तपासणी नाही, असा संशोधकांचा युक्तिवाद होता. त्यावर २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये तीव्र आक्षेप घेतले गेले. प्रस्तुत लेखकास युक्तिवाद वस्तुस्थितीस धरून वाटतो, समाधानकारक वाटत नाही. व्यवस्थेचा अभाव हा त्या स्त्रियांनी निवडलेला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणू-चाचणीस प्राधान्य दिले, त्यामागील पुराव्यात उस्मानाबादचे आकडे आहेत. भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र आम्ल व दिव्याचीच तपासणी स्वीकारली होती.