घर, नाते आणि भाषा : इस्रायलमधील बेने इस्रायल कुटुंबांची पहिली सोळा वर्षे (१९४८–१९६४)

स्थलांतराचा इतिहास बहुधा जहाजे, सरकारी ठराव आणि लोकसंख्येचे तक्ते यांच्या आधारे लिहिला जातो. परक्या देशात गेलेल्या कुटुंबाचा संसार तेथे कसा रुळला, या प्रश्नाचे उत्तर मात्र या साधनांतून क्वचितच मिळते; कारण संसार उंबरठ्याच्या आत चालतो आणि त्याची नोंद ठेवणारा कारकून नसतो. तथापि घरातील माणसे एकमेकांस कशी हाक मारतात आणि कोणत्या नात्याला स्वतंत्र शब्द राखतात, हेही इतिहासाचे एक साधनच होय. कोकणातून व मुंबईतून इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायल समाजाच्या पहिल्या सोळा वर्षांचा या साधनाच्या साहाय्याने विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

हा समाज तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत शतकानुशतके वस्ती करून होता. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम यांमुळे शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पुढे त्यांच्यापैकी पुष्कळजण मुंबईस आले; १७९६ मध्ये तेथे त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. पलटण, रेल्वे आणि कचेऱ्या यांतून त्यांनी नोकऱ्या केल्या. धर्म यहुदी आणि घरची भाषा मराठी, ही त्यांची स्थिती होती. त्यांच्या सणांनाही ‘खिरीचा सण’, ‘बिरड्याचा सण’ अशी स्वयंपाकघरातून आलेली नावे होती. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचावयाची हगादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. या घरांत मराठी ही व्यवहाराची तशीच भक्तीचीही भाषा होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१९४८ च्या सुमारास या समाजाची संख्या सुमारे २०,००० होती. त्याच वर्षी इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि स्थलांतरास आरंभ झाला. बीरशेबा, लोद, १९५५ मध्ये वसविलेले दिमोना, त्यानंतर वसलेले अश्दोद अशा ठिकाणी ही कुटुंबे विखुरली. आरंभीचा अनुभव सुखाचा नव्हता. काम, घर आणि वागणूक यांविषयीच्या तक्रारींवरून १९५१–५२ मध्ये काही कुटुंबांनी धरणे धरले आणि त्यांतील एक गट १९५२ मध्ये मुंबईस परत आला. परंतु त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे पुन्हा इस्रायलची वाट धरली. हे जाणे, येणे आणि पुन्हा जाणे केवळ चंचलपणाचे लक्षण मानणे अन्यायाचे होईल. माणूस देश एका दिवसात बदलू शकतो. घर बदलावयास त्याला पिढी लागते.

२

आता घरातील संबोधनाकडे वळू. मराठीत एका व्यक्तीला उद्देशून ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत. आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणण्याची रीत अनेक मराठी घरांत होती; पत्नी पतीचे नाव न घेता ‘अहो’ एवढ्यावरच भागवी. हिब्रूत एका पुरुषास ‘अता’ आणि एका स्त्रीस ‘अत्’ असे म्हणतात. सर्वनामात लिंगभेद आहे, परंतु आदराची पायरी नाही. अनेकवचन हे अनेकांसाठीच. म्हणजे मराठीत जो भेद वडीलकीचा, त्या जागी हिब्रूत भेद स्त्रीपुरुषत्वाचा. जो मुलगा वडिलांशी हिब्रूत बोलू लागला, त्याला सर्वनामातून मान देण्याची सोयच उरली नाही.

यावरून हिब्रू घरात आदर नसतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मातापित्यांचा मान राखावा ही यहुदी धर्माची मूळ आज्ञाच आहे, आणि मुलाने त्यांना नावाने हाक मारू नये असाही नियम आहे. अडचण निराळी होती. मुले शाळेत काही महिन्यांत हिब्रू शिकत. चाळिशीचा बाप मात्र ‘उल्पान’ नावाच्या भाषावर्गात वही घेऊन बसे. दवाखान्यात आणि कचेरीत बापाच्या वतीने मुलगा बोले. घरातील अधिकार अशा रीतीने उलटत असता त्याच वेळी ‘तुम्ही’ हा शब्दही हातचा जावा, हा योग त्या पिढीला जाचक वाटला असल्यास नवल नाही.

पतिपत्नींच्या बाबतीत शब्दांनी आणखी एक गंमत केली आहे. हिब्रूत पतीला ‘बअल’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ धनी, स्वामी. आपल्याकडेही ‘मालक’ हा शब्द पतीसाठी योजला जातो. शब्द असा जुळला, तरी संसार जुळला नाही. कारण नव्या गावात ‘बअल’ असलेल्या पुरुषाची पत्नी गिरणीत वा अन्यत्र कामास जाऊन स्वतःचा पगार आणू लागली. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून कुटुंबाची घडण ठरवू पाहणाऱ्या अभ्यासकांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

३

नातेवाचक शब्दांत फरक अधिक स्पष्ट दिसतो. मराठीतील काका आणि मामा हिब्रूत एका ‘दोद’ मध्ये सामावतात. आत्या, मावशी, काकू व मामी या चौघी एका ‘दोदा’ मध्ये. दीर, मेहुणा यांना ‘गीस’ आणि नणंद, जाऊ, मेहुणी यांना ‘गीसा’ पुरतो. एका चुलीवर रांधणाऱ्या दोन जावांना एकमेकींच्या नात्याचे नाव रोज लागते. सरकारी वसाहतीतील दोन खोल्यांच्या घरात जाऊ दुसऱ्या गावी राहू लागली, की तो शब्द सणासुदीपुरता उरतो. येथे शब्दाला हिब्रूने हाकलून दिले असे म्हणण्यापेक्षा, शब्दाला घरात काम उरले नाही असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

विशेष म्हणजे दिरासाठी प्राचीन हिब्रूत ‘याबाम’ असा स्वतंत्र शब्द आहे. मूल न होता भाऊ वारला, तर त्याच्या विधवेविषयी दिराचे कर्तव्य काय, या धर्मशास्त्रीय प्रश्नासाठी तो टिकला. मराठीत दीर नित्याच्या व्यवहारात असतो, हिब्रूत तो कायद्याच्या ग्रंथात. हा भेद लवकरच समाजाच्या जिव्हारी लागणार होता.

४

इस्रायलमध्ये यहुदींचे विवाह धर्मपीठाच्या अधिकारात येतात. बेने इस्रायलांचा इतर यहुदींशी दीर्घकाळ संपर्क नव्हता. म्हणून घटस्फोट आणि विधवा भावजय यांविषयीचे नियम त्यांनी पाळले असतील काय, अशी शंका काही धर्माधिकाऱ्यांनी घेतली. १९६१ मध्ये त्यांच्याशी विवाह तत्त्वतः मान्य झाला. पण १९६२ च्या आदेशान्वये विवाहनोंदणी करणाऱ्याने वधूवरांच्या आईची, आईच्या आईची, आणि शक्य तितक्या मागील पिढ्यांची चौकशी करावी असे ठरले. हा आदेश या समाजाचे नाव घेऊन काढलेला होता, हे शल्य मोठे होते.

या चौकशीची भाषिक बाजू पाहण्यासारखी आहे. रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर ही आडनावे कुटुंबाचे मूळ गाव सांगतात, पण ते पित्याचे गाव. विचारणा होती मातृकुलाची. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव पालटते. तिच्या आईचे माहेर कोणते, आजीचे कोणते, हे कोणत्याही आडनावात उतरत नाही. ते आज्या आणि मावश्यांच्या स्मरणात होते, आणि मराठीत होते. जी भाषा मुलांना नव्या शाळेत अडगळ वाटू लागली होती, तीच कुटुंबाचे दप्तर ठरली, असे माझे मत आहे.

समाजाने निदर्शने केली, जेरुसलेम येथे धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने विशेष बैठकीत हा भेदभाव दूर करण्याची मागणी केली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आदेशातून समाजाचे नाव वगळण्यात आले. एका अर्थाने हा कुटुंबाच्या दारातच लढला गेलेला लढा होता.

५

आज या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलमध्येच राहतात. एलियाहू नबीच्या स्मरणार्थ पोहे, खोबरे व फळे यांचा मलिदा करण्याची प्रथा तेथेही टिकली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तेथे निघाले. परक्या देशात संसार रुळणे म्हणजे जुने टाकून नवे घेणे, ही समजूत या इतिहासावरून अपुरी ठरते. काही शब्द कामावाचून निवृत्त झाले, काही सणापुरते राहिले. आणि काहींचे मोल बाहेरच्या अधिकाऱ्याने प्रश्न विचारला तेव्हाच कळले.

ज्या स्त्रियांनी हे शब्द कोकणातून नेले, त्यांची पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांच्या मुली आज वृद्ध आहेत. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून व्याकरणाचे नमुने अवश्य मिळवावेत; परंतु त्याआधी, ‘तुमच्या आजीचे माहेर कोणते?’ हा प्रश्न विचारावा. एकेकाळी तो संशयाने विचारला गेला होता. तो आता जिज्ञासेने विचारला जाणे, हेही इतिहासाचे देणे फेडण्यासारखेच होईल.