महाधमनीचे मूळ: इब्न अल-नफीस ते मगदी याकूब

इब्न अल-नफीस यांचे नाव आपल्याकडे अभिमानाने घेतले जाते. दमास्कसमध्ये शिकलेले, १२८८ मध्ये कैरोत वारलेले हे हकीम. हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या कप्प्यात येते, हे त्यांनी हार्वेच्या कितीतरी आधी लिहिले. त्यांची दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. हृदयाचे पोषण कप्प्यातल्या रक्तावर होत नाही, ते हृदयाच्या अंगातून पसरलेल्या वाहिन्यांतून होते, असे त्यांनी इब्न सिना यांचे मत खोडून लिहिले.

या वाहिन्या महाधमनीच्या मुळातून, झडपेच्या जरा वर निघतात. म्हणून फुगलेले मूळ नुसते कापून चालत नाही, वाहिन्या पुन्हा जोडाव्या लागतात. लंडनच्या ह्यू बेंटॉल आणि डी बोनो यांनी १९६८ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली: कृत्रिम झडप कापडी नळीला शिवायची आणि नळीला भोके पाडून वाहिन्यांची तोंडे त्यांना शिवायची. माणसे वाचली, पण पुढे काहींच्या त्याच टाक्यांतून रक्त झिरपून भोवती खोटा फुगा तयार होई. मग वाहिनीचे तोंड भोवतालच्या भिंतीसकट, सदऱ्याच्या बटणासारखे, कापून शिवू लागले. धातूच्या झडपेचे देणे तरीही जन्मभराचेच. वॉर्फरिन कमी पडले तर गुठळी, जास्त झाले तर रक्तस्राव. (रमजानमध्ये जेवणाच्या वेळा बदलतात, तेव्हा गोळीचे वेळापत्रक मोहल्ल्यातल्या जाणत्याला नव्हे, डॉक्टरांना विचारावे.)

मगदी याकूब हे इजिप्तचे. नावावरून कित्येकजण त्यांना मुसलमान समजतात, पण ते कॉप्टिक ख्रिस्ती आहेत. त्यांनी रुग्णाची स्वतःची झडप राखून फक्त भिंत बदलली. यात गोळीची कटकट टळते. पण झडपेचा तळ मोकळा राहतो, तो काहींमध्ये वर्षांनी सैलावून झडप गळू लागते. टोरांटोचे टिरोन डेव्हिड यांनी १९९२ मध्ये झडप नळीच्या आत बसवण्याची रीत मांडली, त्यात तळही आवळला जातो.

तिसरी वाट डोनाल्ड रॉस यांची, १९६७ ची: रुग्णाचीच फुप्फुसधमनीची झडप काढून महाधमनीत बसवायची आणि तिच्या जागी मृत दात्याची. एका झडपेचा आजार दोन झडपांचा करता, हा आक्षेप मलाही पटायचा. पण याकूब यांच्या २१६ रुग्णांच्या तुलनेचे निष्कर्ष २०१० मध्ये आले: दहा वर्षांनी रॉसच्या रीतीत ९७ टक्के हयात, महाधमनीत दात्याचे मूळ बसवलेल्यांत ८३ टक्के. एकाच कसबी हाताचे हे आकडे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

हे सगळे आपल्या हकिमांच्या किताबीतून निघाले, असा दावा मी करणार नाही. ते हस्तलिखित १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात अल-ततावी या इजिप्शियन डॉक्टरांच्या हाती लागले, तोवर या वाहिन्या जगाला ठाऊक होत्या. याकूब यांनी २००९ मध्ये अस्वानला हृदयकेंद्र उभारले. तिथे रुग्णांकडून पैसे घेत नाहीत.