तहातील आश्वासन आणि पुराव्याचा भार : कॅलिफोर्नियातील भूमिस्वामित्वाचा प्रश्न (१८४८–१९०३)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिमाभिमुख विस्ताराचा इतिहास सामान्यतः सामिलीकरण, युद्ध व स्थलांतर अशा क्रमाने सांगितला जातो. १८४५ साली टेक्सास सामील करून घेण्यात आले. त्याची सीमा न्यूएसिस नदी की रिओ ग्रांदे, या वादातून १८४६ च्या मे महिन्यात मेक्सिकोशी युद्ध जुंपले. आणि २ फेब्रुवारी १८४८ रोजी झालेल्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने कॅलिफोर्निया व न्यू मेक्सिको हे प्रदेश दीड कोटी डॉलरांच्या मोबदल्यात विजेत्याकडे आले. परंतु प्रदेशावर सत्ता प्रस्थापित होणे आणि तेथील जमीन हातची जाणे या दोन भिन्न घटना होत. यांपैकी दुसरीचा विचार येथे कर्तव्य आहे.

तहाच्या आठव्या कलमाने मेक्सिकन रहिवाशांच्या मालमत्तेस अभय दिले होते. मेक्सिकन सरकारच्या जमीन-सनदा ग्राह्य मानणारे दहावे कलम मात्र सिनेटने गाळले. त्यावर मे १८४८ मध्ये केरेतारो येथे अमेरिकन प्रतिनिधींनी लेखी खुलासा केला की, यायोगे सनदा रद्द होत नाहीत. सनदाधारकांनी आपले हक्क अमेरिकन न्यायासनांपुढे मान्य करून घ्यावेत. पुढील अनर्थाचे बीज या खुलाशातच होते.

तहापूर्वी अवघे नऊ दिवस आधी कॅलिफोर्नियात सोने सापडले होते. लवकरच लोकांचे लोंढे तिकडे वळले आणि जुन्या विस्तीर्ण रांचोंच्या जमिनींवर नवागतांनी ठाण मांडले. अशा स्थितीत ३ मार्च १८५१ चा कायदा झाला. त्याने तीन सदस्यांचे कमिशन नेमले व प्रत्येक सनदाधारकाने दोन वर्षांच्या आत दावा दाखल करून तो सिद्ध करावा, असे ठरविले. मुदत टळल्यास जमीन सरकारी. ८१३ दावे आले. त्यांपैकी सुमारे ६०० अखेर मान्य झाले. परंतु अंतिम मालकीपत्र हाती पडण्यास सरासरी १७ वर्षे लागली. वकिलांची देणी व कर्जाचे व्याज यांत दरम्यान जमीनच खर्ची पडे.

काही सनदा बनावट होत्या, हे येथे नमूद केले पाहिजे. लिमांतूर याचा सान फ्रान्सिस्कोवरील दावा कमिशनने मान्य केला असताही १८५८ मध्ये न्यायालयाने तो बनावट ठरविला. तेव्हा चौकशी अनावश्यक होती असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो पुराव्याचा भार कोणावर टाकला, हा.

या भाराचे अत्यंत कठोर रूप आदिवासींच्या वाट्यास आले. १८५१–५२ मध्ये त्यांच्याशी झालेले १८ करार सिनेटने नामंजूर केले. वॉर्नर रांचोवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुपेन्यो लोकांनी कमिशनपुढे दावा मांडला नव्हता. एवढ्या कारणावरून १९०१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा वहिवाटीचा हक्क अमान्य केला आणि १९०३ मध्ये त्यांना पाला येथे हलविण्यात आले.

सारांश, कॅलिफोर्नियात सरसकट जप्ती झाली नाही. धारकालाच वादी करण्यात आले. तहाचे आश्वासन शब्दशः कायम राहिले आणि जमीन गेली. विस्तारवादाच्या अभ्यासकाने रणांगणाइतकेच लक्ष कमिशनच्या दप्तराकडे द्यावयास हवे, ते याकरिता.